असं का केलंत?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उपयोजित कलेची किंवा डिझाइनची पदवी घेऊन पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलामुलींशी आज मला थोडं बोलायचं आहे. त्यांचे आईवडील ऐकत असतील तर उत्तमच. कारण ‘आमच्या मुलाचा हात चांगला आहे हो, पण मुलाखतीत त्याचं घोडं अडतं’ ही तक्रार मी बहुतेक वेळा त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीनं करतो. १९९० नंतरची दोन-तीन वर्षं असतील. मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेनं मला मुलाखतीला बोलावलं होतं. त्या काळी पोर्टफोलिओ म्हणजे काखेत न मावणारी मोठी काळी बॅग असायची. आत जाड कार्डावर चिकटवलेले लेआउट आणि त्यांच्यावर बटर पेपरचं पांघरूण. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये ती बॅग घेऊन चढायचं म्हणजे निम्मी परीक्षा तिथंच होऊन जायची. लोकांची बोलणी खात, घामाघूम होऊन मी पोचलो. समोर बसलेल्या दोन गृहस्थांनी माझी वर्षभराची मेहनत तीन मिनिटांत उलटून पाहिली आणि एका पोस्टरवर ते थांबले.

‘हे निळं का केलंत?’

‘चांगलं दिसतं म्हणून.’

‘हिरवं चांगलं दिसलं नसतं?’

‘दिसलं असतं.’

‘मग?’

या ‘मग’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे खरं तर होतं. ते पोस्टर रेल्वेच्या फलाटासाठी होतं. आठवडाभर मी ठाण्याच्या फलाटावर उभा राहून पाहिलं होतं, की तिथल्या जाहिरातींत लाल-पिवळ्याची झुंबड असते. त्या गर्दीत एक शांत निळा तुकडा असला तर नजर तिथं टेकेल. म्हणून निळा. पण हे सगळं मला आठवलं ते परतीच्या गाडीत, कुर्ल्याच्या आसपास.

त्यानंतर योगायोगानं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली. या बाजूला बसल्यावर एक गोष्ट लवकर कळते. उमेदवाराचं काम आम्ही बहुधा आधीच पाहिलेलं असतं. फाइल आलेली असते, ती बरी वाटली म्हणूनच बोलावणं गेलेलं असतं. तेव्हा मुलाखत ही चित्राची परीक्षा नसते. हा माणूस विचार कसा करतो, आपल्यात बसून काम करू शकेल का, आणि उद्या ग्राहकानं ‘हे बदला’ म्हटलं तर तो रुसून बसेल, की मान डोलावून सगळं बदलेल, की ‘का बदलायचं?’ असं नीट विचारेल, हे आम्हाला बघायचं असतं. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा एकच विचारतो. असं का केलंत?

आणि इथंच आपल्या मुलांचं घोडं अडतं. याचं कारण मला वाटतं आपल्या घरांत आहे. ‘असं का केलंस?’ हे आपल्याकडे कधी विचारतात? दूध उतू गेलं, काच फुटली, गणितात मार्क कमी पडले, की तेव्हा. तो प्रश्न नसतोच मुळी, ते रागावणं असतं. त्यावर खाली मान घालून गप्प बसणं हेच चांगल्या मुलाचं लक्षण मानलं जातं. वीस वर्षं हे ऐकलेला मुलगा मुलाखतीत हेच शब्द ऐकतो आणि त्याला वाटतं, झालं, आपलं काही तरी चुकलं. मग तो एक तर गप्प होतो, नाही तर ‘बदलतो सर’ म्हणतो. मी निळ्याबद्दल विचारलं आणि समोरच्या मुलीनं लगेच लॅपटॉप उघडून रंग बदलायला घेतला, असंही एकदा झालेलं आहे. मला रंग बदलून नको होता. मला गोष्ट ऐकायची होती.

ही गोष्ट सांगायची कशी, याची सवय करायला मी एक साधा खेळ सुचवतो. घरातला तांब्या समोर ठेवा.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्यानं भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथं फिरून एक अहवाल लिहिला. त्याच अहवालाच्या आधारानं १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्या दोघांना सर्वांत भावली ती लोटा ही वस्तू, म्हणजे आपला तांब्याच. पण ‘किती सुंदर!’ एवढं म्हणून ते थांबले नाहीत. तांब्या घडवायचा तर कशाकशाचा विचार करावा लागेल, याची त्यांनी यादीच दिली. पाणी किती आणायचं, किती ओतायचं. धरणारा हात केवढा, त्यात ताकद किती. तो डोक्यावरून न्यायचा, कमरेवरून की हातातून. रिकामा असताना तोल कुठं जातो आणि भरल्यावर कुठं. आत हात घालून घासता येईल एवढं तोंड आहे का. आतलं गरम असेल तर धरवेल का. दगडावर ठेवल्यावर आवाज कसा येतो. किंमत काय, आणि मोडीत काढला तर हाती काय येईल. इतकंच काय, तो कुणाला भेट देताना कसं वाटेल, हेसुद्धा.

आता तुमचं काम तुम्ही या तांब्यासारखं समोर ठेवा आणि दोन मिनिटं बोला. कुणाच्या हातात जाणार? कुठं ठेवलं जाणार? काय अडचण होती? काय करून पाहिलं आणि टाकून दिलं? ‘मॉडर्न लुक’, ‘क्लीन फील’, ‘मिनिमल’ हे शब्द त्या दोन मिनिटांत वापरायचे नाहीत. सुरुवातीला फार जड जातं. अर्ध्या मिनिटात गाडी थांबते. थांबू द्या. काय सांगायचं राहिलं ते परत कामाकडे बघून शोधा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. हे शेजारच्या काकूंना सांगून बघा, कॉलेजातल्या मित्राला नको. मित्राला सगळं आधीच कळतं. काकूंनी ‘मग पुढं काय झालं?’ असं विचारलं तर समजा जमलं.

या बाबतीत मोठ्यांचं एक उदाहरण देतो. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी ‘नेक्स्ट’ या त्यांच्या नव्या कंपनीचं बोधचिन्ह पॉल रँड या नामवंत डिझायनरकडून करून घेतलं, एक लाख डॉलर देऊन. दोन-चार पर्याय दाखवा म्हटल्यावर रँड यांनी साफ नकार दिला, हा किस्सा आमच्या धंद्यात फार चवीनं सांगितला जातो. पण तो तोरा रँड यांना शोभला, तुम्ही-आम्ही त्या वाटेला जाऊ नये. घेण्यासारखं आहे ते दुसरंच. रँड यांनी नुसतं चिन्ह टेबलावर ठेवलं नाही, त्यासोबत एक पुस्तिका दिली. साध्या अक्षरांत ते नाव कसं दिसतं, मग काय बदललं, त्यातलं एकच अक्षर लहान लिपीत का घेतलं, असं पायरी-पायरीनं ती पुस्तिका वाचणाऱ्याला शेवटच्या चिन्हापर्यंत नेते. एवढा मोठा माणूस, पण ‘का’ सांगायला त्याला कमीपणा वाटला नाही.

अलीकडची एक मुलाखत मला नेहमी आठवते. सातारा भागातल्या एका बचत गटासाठी मसाल्याचं पाउच केलेली एक मुलगी आली होती. काम दिसायला साधंच होतं, खरं सांगायचं तर आमच्या यादीत ती शेवटून दुसरी होती. तिनं आधी दाखवलं ते फसलेलं पाउच. गडद लाल रंगावर बारीक पांढरी अक्षरं, फार देखणी. ती म्हणाली, ‘संगणकाच्या पडद्यावर मलाही हेच आवडलं होतं. पण ज्या प्रेसवर छपाई होती तिथं लवचिक प्लेटनं छापतात आणि शाई थोडी पसरते. गडद रंगात सोडलेली पांढरी जागा बुजते. नमुना हातात आला तेव्हा ‘कांदा लसूण मसाला’मधल्या कांद्यावरचा अनुस्वारच गायब होता. गटातल्या एक मावशी म्हणाल्या, कादा म्हणजे काय गं?’

आम्ही सगळे हसलो. ती मात्र पुढं सांगत राहिली. मग तिनं अक्षरं जाड केली, फिक्या पट्टीवर गडद शाईत घेतली आणि अनुस्वार मुद्दाम मोठा काढला. त्यानंतर ती गावातल्या दोन किराणा दुकानांत जाऊन बसली. तिला दिसलं, की दुकानदार ही पाउचं उभी मांडतच नाही, खोक्यात रचून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला दिसते ती फक्त वरची बोटभर कड. म्हणून मसाल्याचं नाव वरच्या कडेवरही आलं. माझ्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘यानं विक्री वाढली?’ ती क्षणभर थांबून म्हणाली, ‘वाढली, पण त्याच महिन्यात दिवाळी होती. त्यामुळे पाउचमुळे किती वाढली ते मला सांगता येणार नाही.’

ती बाहेर गेल्यावर आम्हाला चर्चा करावी लागली नाही. तिची चूक आम्हाला कळली होती, चुकीनंतर तिनं काय केलं तेही कळलं होतं आणि जे माहीत नाही ते ती ‘माहीत नाही’ म्हणते, हेही. पोर्टफोलिओत पंचवीस कामं कोंबणाऱ्या मुलांना मी म्हणूनच सांगतो, चार किंवा पाच आणा, पण त्यांतल्या एकाचं तरी फसलेलं रूप जपून ठेवा. आपली मुलं कच्ची स्केचेस फेकून देतात. टाकू नका. मुलाखतीत त्यांना पक्क्या कामाइतकाच भाव असतो.

आता एक नाजूक गोष्ट. आपण मराठी माणसं ‘मी’ म्हणायला लाजतो. ‘आम्ही केलं’, ‘आमच्याकडून झालं’ असं बोलणं आपल्याला शिष्टाचाराचं वाटतं. पाच जणांच्या कामात तर ‘मी’ म्हणणं पाप वाटतं. पण टेबलाच्या या बाजूला ऐकू येतं ते असं, की यानं नक्की काय केलं कुणास ठाऊक. तेव्हा स्पष्ट वाटणी सांगा. ‘कल्पना सगळ्यांची, अक्षरं माझी, फोटो मित्राचे, छपाईच्या फेऱ्या मी मारल्या.’ यात कुणाचं श्रेय जात नाही. उलट दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवलं तर ते फार दिवस लपत नाही. आमचा धंदा लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. आजकाल संगणकाला शब्दांत सांगून चित्रं बनवून घेता येतात. ती वापरली असतील तर तेही याच ओघात सांगून टाकावं. कुठं वापरली, त्यांतलं काय ठेवलं, काय टाकलं आणि का. मी तरी त्यासाठी कुणाला नापास केलेलं नाही. विचारल्यावर गडबडलेल्यांना मात्र केलं आहे.

आणि भाषा. इथं मला माझी एक चूक सांगायची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एका तालुक्याच्या गावातून एक मुलगा आला होता. शिक्षण मराठीतून झालेलं. देवनागरी अक्षरांचं काम फार सुरेख. माझ्या सहकाऱ्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, तो पाठ केलेली वाक्यं म्हणत राहिला. ‘व्हॉट वॉज युअर रोल?’ याला ‘एव्हरीथिंग सर’. ‘व्हाय धिस स्टाइल?’ याला नुसतं हसू. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, ‘काम याचं नसावं’ असा अर्थ काढला आणि पुढचं नाव पुकारलं. दोन-तीन वर्षांनी एका छापखान्यात मी प्रुफं बघायला गेलो, तर हा मुलगा तिथं संगणकावर लग्नपत्रिका लावत होता. ओळख दिली. चहा आला. बोलता बोलता मी त्याला विचारलं, तुझ्या त्या अक्षरांत ‘श्र’ वेगळा होता, तसा का काढला होतास? आणि तो जो सुरू झाला! जुन्या पोथ्यांतला ‘श्र’, बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारी जाडी, लहान आकारात छापल्यावर त्या तिरक्या रेघेचं काय होतं, मग त्यानं ती रेघ कुठं तोडली. त्यानं पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं काढून दाखवलं. अर्धा तास झाला, चहा गार झाला. काम त्याचंच होतं. आम्हाला ते ऐकता आलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवसापासून मुलाखतीच्या सुरुवातीला मी विचारतो, कुठल्या भाषेत बोलू या? पण सगळीकडे असं विचारतीलच असं नाही, म्हणून तुम्हीच विचारा. ‘मी हे मराठीत जास्त नीट सांगू शकेन, चालेल का?’ हिंदी जमत असेल तर हिंदीत. यात कमीपणा काही नाही, मुंबई-पुण्यात तर बहुतेक ठिकाणी हो म्हणतील. नाहीच म्हणाले तर त्यासाठीही तयारी हवी. आधी मराठीत गोष्ट पक्की करायची आणि मग तिची चार-पाच साधी इंग्रजी वाक्यं स्वतःच बनवायची, पुस्तकातली पाठ करायची नाहीत. आणि शब्द अडला तर कागद ओढून चित्र काढायचं. चित्रकाराला याहून सोयीचं दुसरं काय असणार? त्या मुलानं त्या दिवशी समोरची पेन्सिल उचलली असती तर... पण पेन्सिल पुढं सरकवायची आम्हालाही सुचली नाही.

काही ठिकाणी तिथल्या तिथं एखादं काम देतात. आम्ही एकदा एसटी स्थानकावरच्या वेळापत्रकाचा फलक करायला सांगितला होता, वेळ अर्धा तास. दहा जणांपैकी आठ जणांनी लगेच रंग आणि अक्षरं निवडायला घेतली. एकीनं पेन खाली ठेवून विचारलं, ‘वाचणारा बाकावर बसलाय की गाडीमागं धावतोय?’ तिचा फलक अर्धाच झाला, तरी निवड तिचीच झाली. अशा वेळी मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोलत राहावं, नाही तर आम्हाला तुमचं फक्त डोकं खाजवणं दिसतं. आणि घरी नेऊन करायला काम दिलं तर ते किती तासांचं आहे आणि पुढं कुठं वापरलं जाणार आहे का, हे सभ्यपणे विचारून घ्या. मुलाखतीच्या नावाखाली फुकट काम करून घेणारेही या जगात आहेत.

बारीकसारीक गोष्टी तुम्हाला ठाऊकच असतील. फाइल पेनड्राइव्हवरही ठेवावी, तिथल्या इंटरनेटवर विसंबू नये. आधीच्या कार्यालयातलं गोपनीय काम परवानगीशिवाय दाखवू नये. जो तिथलं दाखवतो तो उद्या आमचंही दाखवेल. आधीच्या साहेबांना नावं ठेवू नयेत, मग ते कसेही असोत. व्हिडिओवर मुलाखत असेल तर पडदा दाखवण्याआधी मोबाइलचे निरोप बंद करावेत. एका मुलाच्या सुंदर लेआउटवर अचानक ‘येताना कोथिंबीर आण’ असा आईचा निरोप झळकला होता. तो बिचारा लाल झाला. आमच्यातल्या बाईंनी मात्र कोथिंबिरीचा भाव विचारला आणि पुढची मुलाखत छान रंगली.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ असं म्हणतात, तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठू नका. माझं काम आधी कोण बघणार? इथं मुलं छापखान्यात जातात का, ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्या माणसांना भेटतात का? आधीचा माणूस का गेला? हे खुशाल विचारा. तुम्ही पण त्यांची मुलाखत घ्यायलाच आलेला असता.

राहता राहिला पगार. त्या शहरात नवख्या मुलांना काय मिळतं, याची चौकशी एक-दोन वर्षं आधी लागलेल्या मुलांकडे करावी, खोलीभाडं, डबा आणि प्रवास यांचा हिशेब कागदावर मांडावा आणि एक आकडा मनाशी ठरवून जावा. तो सांगताना हसू नये आणि माफीही मागू नये. ‘तुम्ही द्याल ते’ हे तर अजिबात म्हणू नये. निळ्या पोस्टरनंतर तीन महिन्यांनी मला दुसरीकडे नोकरी लागली तेव्हा मी नेमकं हेच म्हणालो होतो. त्यांनी खरोखरच त्यांना द्यायचं होतं ते दिलं आणि डोंबिवलीच्या पासाचे पैसे पहिलं वर्षभर मी आईकडून घेत होतो.